आत्याचं पान

आमच्या घराण्याचं घडीचं पुस्तक मी स्वतः ठसे कोरून छापलं होतं. एकच लांब पट्टी, पंख्यासारख्या घड्या घातलेली. थोरल्या काकांनी ती टेबलावर उलगडली आणि मधल्या चित्रावर बोट आपटलं.

"ही कशाला? घराण्याचं नाक कापलं हिनं. काढ ते पान!"

ही म्हणजे नवऱ्याला सोडून स्वतःचा छापखाना काढलेली माझी आत्या. ठसा कोरायला तिनंच मला शिकवलं.

"पट्टी अखंड आहे, काका. पान कापलं तर पुस्तकाचे दोन तुकडे होतील."

"मग नव्यानं छाप. आत ती दिसता कामा नये!"

काकांपुढे घरात कुणी ब्र काढत नाही.  मी नव्यानं छापलं, घड्या घातल्या, पुठ्ठे चिकटवले आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

मुखपृष्ठावरून आत्या त्यांच्याकडे रोखून बघत होती.

"आत कुठेच नाही ती," मी म्हटलं. "उलगडून बघा."