खांद्याला बसेल ती

नीलांबरीनं मान मुद्दाम दुसरीकडे वळवली आणि टेबलावरची तीन काडतुसं हाताला येतील तशी रायफलीत भरली. दोन खरी, एक बिनदारूचं. कुठलं कधी येणार हे भरणाऱ्यालाही कळता कामा नये. बार उडाला की धक्क्यात माणसाचं दचकणं लपून जातं. चाप ओढला आणि बारच झाला नाही, की ते उघडं पडतं.

रायफल नवऱ्याची होती. तीनशे मॅग्नम. एल्कसारखं घोड्याएवढं हरीण लांबून पाडणारी, आणि तिचा खांदा आठवडाभर काळानिळा ठेवणारी.

"अजून तेच चाललंय का?" मागून श्रीरंग म्हणाला. "वॉल्टला सांगून टाक ना, मॅग्नम म्हणून."

मन्रो गावातल्या टेकडीखाली वॉल्ट मापानुसार रायफली बनवायचा. दुकानामागेच चाचणीची जागा. लाकूड, नळी, वजन सगळं तो गिऱ्हाइकाला विचारून करी, पण आधी काडतूस ठरवायला लावी. नीलांबरीनं सकाळपासून त्याच्या नमुन्याच्या रायफलीतून सेव्हन एमएम ओ-एट ही लहान काडतुसं झाडली होती. पाचही गोळ्या हाताच्या पंजाखाली झाकतील एवढ्याच जागेत बसल्या होत्या.

"मला ती छोटी बरी वाटतेय," ती म्हणाली.

"छोटी आहे म्हणूनच नको म्हणतोय. ऐनवेळी कमी पडली तर?"

श्रीरंगचं आयुष्यभर हेच. दोघांच्या घरात दहा लिटरचा कुकर, दोघांसाठी आठ सिटांची व्हॅन. पाहुणे आले तर. बॉथेलच्या त्या घरात कोण कप्पाळ येत होतं? मुलगा बॉस्टनला, तोही फोनवर "आय नो, बाबा" एवढंच म्हणायचा. पण मोठं ते घ्यावं, आणि ते नवऱ्यानं ठरवावं, हा कायदा नागपूरहून विमानात बसून आला होता आणि त्याला व्हिसाही लागला नव्हता.

मागच्या ऑक्टोबरात ह्याच मॅग्नमनं तिचा समोरच्या एल्कवरचा नेम चुकला होता. संध्याकाळी तंबूत, शिकारीला सोबत आलेला यतीन म्हणाला होता, "काकू, नेम जाऊ द्या. पोहे मात्र फर्स्ट क्लास, यार." सगळे हसले. श्रीरंगही. तीस वर्षं जिनं ऑपरेशन टेबलावर माणसं झोपवली आणि परत उठवली, तिचा हात म्हणे भितो. तिनं तिथेच ठरवलं होतं: पुढच्या सीझनला स्वतःच्या रायफलीनं, नाहीतर जायचंच नाही. पोहे करायला कुणीही न्या.

"धक्का गोळीचा नसतो गं, मनातल्या भीतीचा असतो," श्रीरंग म्हणाला. "सरक. मी दाखवतो."

"अहो, थांबा, त्यात मी..."

"सरक म्हणतो ना."

ती सरकली. जन्मभर सरकत आली होती, त्यात आणखी एकदा.

त्यानं रायफल खांद्याला लावली. पहिला बार झाला. "बघितलंस?" असं म्हणून त्यानं पुन्हा चाप ओढला.

नुसतं टक् झालं.

आणि त्या शांततेत नळी वीतभर खाली गेली. श्रीरंगचे डोळे गच्च मिटलेले, जबडा आवळलेला, खांदा मार चुकवणाऱ्या पोरासारखा मागे ओढलेला.

वॉल्ट कोपऱ्यात पेला विसळत होता. विसळतच राहिला.

नीलांबरीच्या तोंडाशी आलं होतं सगळं. पोहे, यतीन, तंबूतलं ते हसणं. हाच क्षण तिनं वर्षभर मनात घोळवला होता, फक्त त्यात नळी तिची होती आणि ती हलली नव्हती. तिनं श्रीरंगकडे पाहिलं. त्यानं अजून डोळे उघडले नव्हते. कानावरचा पट्टा वाकडा झाला होता, पांढरे केस त्यातून वर आले होते.

तिनं रायफल त्याच्या हातातून अलगद काढून घेतली, उरलेली गोळी बाहेर काढली, बोल्ट उघडा ठेवून टेबलावर ठेवली.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"पहिल्यापासून," श्रीरंग म्हणाला.

वॉल्टनं पेला ठेवला, हात पुसले.

"मग, काडतूस?" त्यानं विचारलं. सवयीनं श्रीरंगकडे पाहून.

श्रीरंगनं बायकोकडे बोट केलं.

"सेव्हन एमएम ओ-एट," नीलांबरी म्हणाली.

वॉल्टनं मापाची पट्टी काढली. शिंप्यासारखं त्यानं तिला हात कोपरात वाकवायला सांगितलं आणि कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत माप घेतलं. ती ताठ उभी राहिली, खांदे मोकळे सोडून.

माप झालं. ती बाजूला झाली, तेव्हा तिच्या मागे श्रीरंग उभा होता. त्यानं जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं होतं, शर्टाची बाही दुमडली होती आणि उजवा हात कोपरात वाकवून पुढे धरला होता.

नीलांबरीनं वॉल्टच्या हातातून पट्टी घेतली.

"हलू नका," ती म्हणाली.