मिटलेली मूठ

शिवगंगाला ऐकू येत होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण ईट गावातल्या निम्म्या बायांना ते अजून पटलेलं न्हाई. जन्मापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून लोकांनी तिचे कानही परस्पर बंद करून टाकले. तिच्याशी बोलायचं म्हणजे पार पलीकडच्या शिवारातल्या माणसाला हाक मारल्यागत ओरडायचं, "शिवगंगेऽ, जेवलीस का गंऽ?" आणि उत्तराला न थांबता निघून जायचं. तिच्या कानठळ्या बसायच्या. बरं, ओरडू नका म्हणून सांगायचं तरी कसं?

तिची भाषा हातांची होती. कपाळावर बोट आडवं फिरवलं की आई, कारण तिची आई विठाबाई कुंकवाची आडवी चिरी लावायची. दोन्ही मुठी एकमेकींवर पिळल्या की गाठोडं. छातीवर तळवा ठेवला की कळलं. अशा कितीतरी खुणा मायलेकींनी खुरपता खुरपता, शेंगा फोडता फोडता जुळवल्या होत्या. धाकटा भाऊ भागवत आणि त्याची बायको सिताबाई यांना त्यातलं जेवण, पाणी आणि म्हैस सुटली एवढंच कळायचं. सगळी भाषा येणारी जगात दोनच माणसं. त्यातलं एक, विठाबाई, दोन वर्षांमागं गेलं.

पंचमीला त्यांच्या आळीतल्या बाया नटूनथटून वारुळाला जात. लाह्या-दूध वाहायचं आणि तिथंच फेर धरायचा. फेराची रीत सरळ होती. एकीनं ओवी टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. टाकणारी जे म्हणेल, जशी वाकेल, जसं पाऊल टाकेल, तसंच सगळ्यांनी परत करायचं. अशी पाळी फिरत फिरत प्रत्येकीवर यायची. शिवगंगा आईच्या शेजारी उभी राहायची. तिची पाळी आली की तिचे हात चालायचे, विठाबाई त्या हातांकडं बघत बघत गायची आणि अख्खा फेर ती ओवी झेलायचा. बायांचं ध्यान मात्र विठाबाईच्या तोंडाकडं. हाताकडं कोण बघतंय!

म्हणून त्या ओव्यांना नाव पडलं विठाबाईच्या ओव्या. लेकी त्या सासरी घेऊन गेल्या, तिकडं भूम-परंड्याकडंही त्या गाजल्या. त्यातली ही तर सगळ्यांच्या तोंडी:

लिंबाच्या गं झोक्यावर, वारा भरतो ओटी
बोलायाचं राहून गेलं, फुलं आली ओठी.

आता सांगा, पहाटेपासून जिच्या तोंडाला उसंत नसायची ती विठाबाई 'बोलायाचं राहून गेलं' कशाला म्हणेल? पण एवढा इचार करायला सवड कुणाला हाय! विठाबाईनं कैकदा सांगितलं, "अगं, ह्या माझ्या न्हाईत. पोरीच्या हायत." त्यावर फेरातली म्होरकी गयाबाई पदरानं डोळे पुसायची आणि म्हणायची, "आईची माया हो, दुसरं काय!" मग विठाबाई घरी येऊन भांडी आपटायची. "डोळे हायत का बटनं लावलीत मेल्यांनी?" शिवगंगाला तेव्हा हसू यायचं. आपली ओवी गावभर फिरतीय, मग ती कुणाच्या का नावावर असंना.

आई गेली आणि ते हसूही गेलं. पहिल्या पंचमीला घरात दुखवटा होता. दुसऱ्या पंचमीला ती फेरात उभी राहिली. पाळी आली तशी सगळ्याजणी पळभर थांबल्या, एकमेकींकडं बघितलं, आणि गयाबाई म्हणाली, "पुढं घ्या गं." शेजारणीनं दुसरी ओवी टाकली. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. तेच तर तिला जास्त लागलं. भांडायलासुद्धा कुणी नव्हतं.

आणि तिच्यापाशी एक ओवी होती. आईवरची. दोन वर्षं ती तिच्या हातात घुटमळत होती:

आई निघाली गावाला, तिचं गाठोडं भारी
माझी जीभ बांधून नेली, मला ठेवलं दारी.

कपाळावर आडवं बोट. हात लांब वाटेकडं. मुठींची गाठ, आणि ती उचलताना पाठ वाकलेली. मग ओठांवरून चिमटीनं काहीतरी उचलायचं, मुठीत घट्ट मिटायचं आणि मूठ पुढं करायची. शेवटी तोंडासमोर उभा तळवा, म्हणजे दार. ही ओवी तिनं गोठ्यात म्हशीपुढं करून बघितली होती. म्हैस रवंथ करत राहिली. एकदा एकटीनं आरशापुढंही केली आणि मधेच थांबली, कारण आरशातली बाई तेच बोलत होती, ऐकत नव्हती. एवढी एकच ओवी कुणाच्या तरी काळजात उतरावी, मग आपण फेरात नाही गेलो तरी चालेल, असं तिला वाटायचं. पण ती उतरायची कशी?

यंदा पंचमीला भागवतची लेक आरोही पुण्याहून आली. न बोलणाऱ्या लेकरांच्या शाळेत ती नोकरीला होती, आणि येताना तिनं आत्यासाठी एक टॅब आणला. त्यावर चित्रं. पाण्याच्या चित्राला बोट लावलं की टॅब म्हणणार, "मला पाणी हवं आहे." सिताबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया, वन्सं एकदम पुण्याच्याच झाल्या की!"

"आत्या, यंदा तुझी पाळी कुणी चुकवणार नाही," आरोही म्हणाली. ओरडून न्हाई, नीट, डोळ्यांत बघून. पोरीला हाताला धरून शिवगंगानं ओसरीत बसवलं आणि सबंध ओवी केली. बोट, वाट, गाठोडं, मूठ, दार. पोरीनं मन लावून बघितलं. शिवगंगानं पुन्हा केली, सावकाश. आरोहीचे डोळे भरून आले.

"आजीची आठवण येते ना?" ती म्हणाली, आणि तिनं टॅबवरच्या पडलेल्या चेहऱ्याला बोट लावलं. टॅब म्हणाला, "मी दुःखी आहे."

शिवगंगानं हात मांडीवर ठेवले. लेकरू गुणाचं होतं, त्याच्यावर रागवायचं तरी काय म्हणून?

पंचमीच्या दुपारी वारुळाशी लाह्या उधळून झाल्या, हळदीकुंकू झालं, फेर सुरू झाला. आरोहीनं आत्याच्या हातात टॅब दिला आणि आदल्या रात्री आपला आवाज भरून ठेवलेलं फुलाचं चित्र दाखवून ठेवलं. पाळी आली. फेर थांबला. शिवगंगानं फुलाला बोट लावलं, आणि टॅबमधून आरोहीचा गोड आवाज आला, "लिंबाच्या गं झोक्यावर, वारा भरतो ओटी..."

"शिवगंगा बोलली गं बाई!" गयाबाई ओरडली. टाळ्या पडल्या. "विठाबाईची ओवी! साक्षात विठाबाईच आली!" टॅबचा आवाज बारीक, त्यात वारं, त्यामुळं पावलाला पाऊल काही जुळेना. तरी कौतुकाला तोटा नव्हता. आणि शिवगंगा मधोमध उभी होती, आपलीच ओवी दुसरीच्या नावानं, तिसरीच्या आवाजात ऐकत. इतकं एकटं तिला आई गेली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

तिनं टॅब आरोहीच्या हातात परत दिला आणि फेरात एक पाऊल पुढं टाकलं.

कपाळावरून बोट आडवं फिरवलं.

तिनं वाट दाखवली, गाठोडं बांधलं, वाकून उचललं. ओठांवरची जीभ मुठीत मिटली आणि मूठ पुढं केली. तोंडासमोर दार उभं केलं. बांगड्यांची किणकिण सोडली तर आवाज न्हाई. गयाबाई अवघडली, तिचं "पुढं घ्या" ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात सिताबाईनं कपाळावर बोट फिरवलं. तिला समजलं होतं अशातला भाग न्हाई. पण फेरात टाकलेलं झेलायचं असतं, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं झेललं. मग शेजारणीनं. मग गयाबाईनं. बघता बघता अख्ख्या फेरानं कपाळाला बोट लावलं, वाट दाखवली, गाठोडं उचललं. सगळ्या आळीच्या पाठी एकदम वाकल्या.

मुठीला मात्र चुकल्या. ओठांवरून उचललं, मूठ पुढं केली आणि सगळ्याजणींनी ती वारुळाकडं झटक्यानं उघडली. पंचमीला वारुळापुढं मूठ पुढं केली म्हणजे लाह्या उधळायच्या, दुसरं काय असणार! शिवगंगा घाईनं एकेकीपाशी गेली. एकेकीची उघडी बोटं धरून मिटू लागली. मान हलवत, जवळजवळ रागानं. जीभ बांधून नेलीय, ती अशी उधळून कशी चालेल?

"बरं बाई, मिटतो," गयाबाई हसत म्हणाली. ओवी पुन्हा झाली. या खेपेला मुठी मिटलेल्या राहिल्या. मग पाळी पुढं सरकली.

घरी परतताना सगळ्या खुशीत होत्या. "काय झकास नाच काढला हो शिवगंगानं! लाह्यांचा फेर!" वाटेतच नाव पडलं. आरोहीनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं. "आत्या, किती भारी केलंस तू! किती खूश होतीस!" ती गळ्यात पडून म्हणाली. शिवगंगानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. सांगायचं कुणाला आणि कसं, हा प्रश्न होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी कर, सणाच्या पाठचा दिवस. पंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नसतो, म्हणून सिताबाई सकाळीच भाकरी थापायला बसली होती. शिवगंगा उंबऱ्यापाशी लसूण सोलत होती. एक भाकरी तव्यावर टाकून सिताबाई सहज, स्वतःशीच, कालचा फेर आठवू लागली. कपाळावर बोट, वाट, गाठोडं. कपाळाला पिठाची आडवी रेघ उठली, हुबेहूब विठाबाईच्या चिरीच्या जागी. मग मूठ आली आणि सवयीनं उघडली. पीठ सांडलं.

शिवगंगा उठली आणि तिनं ती मूठ मिटली.

"व्हय व्हय, मिटायची. इसरलेच बघा," सिताबाई म्हणाली. मग वन्संला बरं वाटावं म्हणून तिनं तोंड तिच्याकडं केलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही खूण न चुकता, सगळं करून दाखवलं. आई गावाला निघाली. गाठोडं भारी आहे. माझी जीभ बांधून नेली. मला दारी ठेवलं.

दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी शिवगंगाशी तिच्या भाषेत बोलत होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं छातीवर तळवा ठेवला. कळलं.

सिताबाईनं तोही झेलला. पिठाचा तळवा आपल्या छातीवर ठेवला, हसली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.