विचारण्याचा करार

भाऊजींना धडा शिकवला तर आपल्या पदरात काय पडेल, याचा हिशेब आर्किटेक्टबाईंनी करारावर सही होण्याआधीच मांडला होता. आठ वर्षांपूर्वी बुडालेली फी, आणि ती बुडवणाऱ्याच्या तोंडून 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द. फी नसती मिळाली तरी चाललं असतं. जीव अडकला होता तो शब्दांवर.

भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, डोळ्यांचे डॉक्टर. त्यांचं पहिलं हॉस्पिटल बांधायचं ठरलं तेव्हा बाई अठरा दिवस जुन्या दवाखान्यात स्टुलावर बसून होत्या. नकाशाची पहिली रेघ ओढण्याआधी कोणाला काय लागतं ते विचारून, मोजून लिहावं लागतं, ते हे काम. डोळ्यांत थेंब घातलेले पेशंट अर्धा तास कुठे टेकतात, ऑपरेशनचा ट्रे कोणत्या दारानं येतो नि कोणत्या दारानं जातो, असं करत चाळीस पानं भरली. करार नव्हता; घरच्या कामाला कसला आलाय करार? भाऊजींनी ती पानं उचलली आणि स्वस्तात नकाशे काढून देणाऱ्या दुसऱ्याच आर्किटेक्टला नेऊन दिली. उद्घाटनाला म्हणाले, "ही सगळी रचना माझ्या डोक्यातली." तिसऱ्या रांगेत बसून बाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बहीण शेजारीच होती ना!

आता शेजारच्या प्लॉटवर नुसत्या ऑपरेशनसाठी नवी इमारत उठायची होती. स्वस्तातला आर्किटेक्ट परगावी गेलेला. भाऊजी मेव्हणीच्या ऑफिसात हजर.

"काय मेव्हणीबाई, ओळख आहे ना?"

"तुम्हाला विसरून कसं चालेल? बसा." बाईंनी नऊ पानी करार पुढे सरकवला.

"अगं, वीट नाही, रेघ नाही, नुसतं विचारायचं, आणि त्याला नऊ पानं?"

"दुधानं तोंड पोळलंय, भाऊजी."

"जुनं उकरू नकोस बाई. तुझी ताई ऐकेना, म्हणून आलो."

कलमं तशी रीतीचीच होती. फी चुकती होईपर्यंत कागद बाईंचे. हॉस्पिटलतर्फे उत्तरं देणारा माणूस एकच. बाकीच्यांचं म्हणणं त्याच्यामार्फत, लेखी. एकवीस दिवसांत जे मागितलं नाही ते नकोच आहे असं समजायचं. मागण्यांच्या यादीवर सही झाल्यावर बदल हवा असेल तर विचारणं पहिल्यापासून आणि फीसुद्धा पहिल्यापासून. ती फी बाईंनी आठ वर्षांपूर्वीच्या बुडिताएवढी धरली होती, एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही.

खरा सापळा उत्तरं देणाऱ्याच्या नावासाठी सोडलेल्या कोऱ्या ओळीत होता. कुठलाही भला आर्किटेक्ट इथे सांगतो, 'रोज हातानं काम करणाऱ्याचं नाव घाला.' बाईंनी काहीच न सांगता पेन दिलं. भाऊजींनी आपलं नाव लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

रोज संध्याकाळी बाई विचारायच्या, भाऊजी सांगायचे. ऑपरेशनच्या खोल्या वर, हवेशीर. "धुण्याबिण्याचं सगळं टाका खाली, तळमजल्यावर." बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा टेबलाशी जातात आणि धुण्याची खोली ऑपरेशनच्या खोलीला चिकटूनच लागते, हे त्यांना अठरा दिवसांच्या स्टुलानं शिकवलं होतं. त्यांनी वाक्याशेवटी टिंब दिलं.

बाराव्या दिवशी हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर आल्या. वय चौपन्न, हातात चतकोर कागद. "मॅडम, आमचं थोडं ऐकता का? धुवायची खोली वर पाहिजे. नाहीतर ट्रेची छोटी लिफ्ट तरी."

बाईंची बोटं कागदाकडे गेली आणि मागे आली. "मला घेता येत नाही, सिस्टर. डॉक्टरांकडे द्या."

"ते वाचत नाहीत हो."

"तरीही त्यांच्याकडेच द्या."

सिस्टरनी दिला. तो डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात गेला आणि कोट धोब्याकडे. एकविसाव्या दिवशी बाईंनी विचारलं, "तुमच्या माणसांपैकी कोणाचं काही राहिलंय?"

"त्यांना काय कळतंय?" म्हणत भाऊजींनी सही ठोकली.

नकाशे झाले, मंजूर झाले, पाया खणून झाला. मग एका सकाळी साइटवर सिस्टरनी नकाशावर बोट ठेवून 'धुतलेले ट्रे वर कसे यायचे?' असं विचारलं, आणि तासाभरात भाऊजी ऑफिसात.

"तुला माहीत होतं!"

"होतं."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"उत्तरं द्यायला तुम्ही होतात. कलम चौथं, खाली तुमची सही, दोन रेघांसकट." बाईंचा आवाज लोण्यासारखा. "बदल हवा तर पुन्हा पहिल्यापासून फी. नाहीतर माझी चाळीस पानं तुम्ही लाटलीत, चुकलं, एवढं म्हणा. मी फुकट बदलून देते."

नाक दाबलं की तोंड उघडतं, असा बाईंचा होरा होता. भाऊजींनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला, पायरीपायरीवर बोट टेकवत जिना मोजला. मग हसले.

"बावीस पायऱ्या. एवढंच ना? सिस्टर आहेत की. नेतील." नकाशाची गुंडाळी काखेत मारून ते उठले.

हे उत्तर बाईंच्या हिशेबात नव्हतं. 'थांबा, देते बदलून' एवढं म्हणायला दारापर्यंतचा वेळ होता. बाईंनी दार लागू दिलं.

इमारत वेळेत उभी राहिली. भाऊजींनी जास्तीचा छदामही मोजला नाही, आणि भाषण तेच केलं. बाईंना विचारण्याची फी करारातल्या तारखेला मिळाली. जुनी फी नाही, ते दोन शब्दही नाहीत. बाकीचं फेडलं सिस्टरनी: दिवसाला तीस ट्रे, दर ट्रेला बावीस पायऱ्या खाली आणि बावीस वर, उजवा गुडघा आधी गेला, मग डावा.