पट्ट्याशेजारची लाल दोरी

मित्रांनो, मी एक दोरी आहे. आता जुनी झाले आहे आणि माझं लाल कातडं ठिकठिकाणी तडकलं आहे, पण त्यासाठी कुणी चुकचुकायला नको. चालतं यंत्र थांबवायचं आणि त्याबद्दल शिव्या खायच्या, यातच माझं आयुष्य गेलं. दोन्हींचा मला अभिमान आहे.

माझा जन्म पोलादाच्या बारीक तारांतून झाला. त्या तारांना पीळ देऊन घट्ट केलं आणि वर लाल प्लास्टिक चढवलं. शेजारीच माझ्या चुलतबहिणी तयार होत होत्या. कुणी क्रेनवर जायची होती, कुणी पूल तोलून धरायला. त्या मला विचारायच्या, तू काय उचलणार? मी काहीच उचलणार नव्हते. मला नुसतं लटकायचं होतं. त्या तोंडावर हसल्या. हसू देत, म्हटलं मी, आपलं काय जातंय.

मला एका मोठ्या कारखान्यात आणलं. तिथे डोंगरातून आणलेला दगड भरडला जायचा आणि त्याची खडी एका लांबलचक रबरी पट्ट्यावर बसून वर भट्टीपर्यंत जायची. हा पट्टा शेकडो माणसांचं काम दम न खाता करायचा, आणि त्याचा त्याला तोराही होता. तो चढणीवरच्या पत्र्याच्या एका लांब खोलीतून धावायचा. तिला सगळे गॅलरी म्हणायचे. पट्ट्याच्या कडेने माणसांना चालायला अरुंद वाट होती आणि वाटेच्या कडेने, कमरेच्या उंचीवर, कड्यांमधून ओवलेली मी होते.

माझं काम सोपं होतं. कुणीही, कुठूनही मला ओढलं की टोकाच्या पिवळ्या डबीतला खटका पडायचा, मोटरची वीज तुटायची आणि पट्टा थांबायचा. आणखी एक गोष्ट होती. पडलेला खटका वरच्या, पट्टा चालवायच्या खोलीत बसून बटणाने उचलता यायचा नाही. ज्याला पट्टा सुरू करायचा असेल त्याने स्वतः चालत डबीपर्यंत यायचं, काय झालं ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच हाताने खटका उचलायचा. साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब, मी सगळ्यांना चालायला लावायचे.

साहजिकच मी कुणाला आवडायचे नाही. त्यातून पाळीच्या प्रमुखांना तर मी डोळ्यांसमोर नको असायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः रजा मिळवून द्यायचे. पण भट्टी उपाशी राहता कामा नये, हे एकच त्यांच्या डोक्यात असायचं. पट्टा जरा थांबला की ते ताटावरून उठवल्यासारखा चेहरा करायचे.

वरच्या खोलीत एक मोडकी खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली वीट घातलेली होती. अण्णांनीच कधीतरी गंमत म्हणून रीत पाडली, की ज्याने दोरी ओढली त्याने त्या दिवशी चहाला त्या खुर्चीवर बसायचं. सगळे त्याची टर उडवायचे आणि त्याला चहा सगळ्यांच्या शेवटी मिळायचा. तिचं नाव मानाची खुर्ची. ऐकायला मजेशीर वाटतं ना? मला त्यात काडीचीही मजा वाटायची नाही.

एकदा एका फिटरने पट्टा बाजूला सरकून लोखंडी सांगाड्याला घासताना पाहिला. त्याने मला ओढलं आणि पट्टा फाटण्यापासून वाचला. बक्षीस म्हणून त्याला मिळाली ती खुर्ची. पुढे त्याच फिटरला पट्ट्याखालून धूर येताना दिसला, तेव्हा तो अख्खी गॅलरी ओरडत चढून वर गेला. मी इतकी जवळ होते की धावताना त्याचं कोपर मला घासलं. तरी त्याने मला हात लावला नाही. माणूस धुराला भ्याला नाही, चहाच्या वेळच्या हसण्याला भ्याला, याचा मला अजूनही राग येतो.

माझे हालही कमी झाले नाहीत. कुणी माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालायचं, कुणी डब्याची पिशवी अडकवायचं. माझा ताण नीट राहावा म्हणून टोकाला एक स्क्रू होता, तो पिळायला कुणाला फुरसत नव्हती. मी सैल पडले, लोंबायला लागले आणि जोराचा वारा आला तरी खटका पडू लागला. मग एके दिवशी अण्णा तणतणत खाली उतरले, खिशातून तारेचा तुकडा काढला आणि मला सांगाड्याला आवळून बांधून टाकलं.

आता कितीही जोर लावला तरी माझी ओढ डबीपर्यंत पोचणार नव्हती. दिसायला मी तशीच होते, लाल आणि ताठ. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून निर्धास्त व्हायचा, आणि मी त्याचा केसाने गळा कापायला तिथे टांगलेली होते. अपमान मी पुष्कळ गिळले, पण असं खोटं जगायला लावलं त्याचा संताप काही शमला नाही. मी रोज त्या तारेला घासत राहिले. ती तुटली नाही, पण मी घासणं सोडलं नाही.

अशात कारखान्यात एक नवी इंजिनियर आली. ती अण्णांची सून. सासरे-सून एकाच स्कूटरवरून यायचे. कारखान्यात ती त्यांना साहेब म्हणायची आणि ते तिला मॅडम, तेही जरा ओठ मुडपून. तिने येताच सगळ्या गॅलरीची झाडाझडती घेतली. खडी सांडते म्हणून उचलायला माणसं वाढवत बसू नका, ती सांडते कशामुळे ते शोधा, हे तिचं पालुपद. वरून पट्ट्यावर खडी सोडणारा पत्र्याचा मार्ग तिने बदलून घेतला, त्यामुळे खडी आदळायच्या ऐवजी अलगद उतरायला लागली. कडेला रबरी झालरी आल्या, धूळ दाबायला पाण्याचे बारीक फवारे आले, पट्ट्याला चिकटलेला चुरा खरवडून काढणारी पाती आली आणि पट्ट्याची चीर ओळखणारे कॅमेरेही आले. फक्त खालच्या टोकाचं काम सुटे भाग यायचे म्हणून राहिलं होतं. मला वाटलं, एवढे हुशार पाहुणे आल्यावर आता आपली रवानगी भंगारात होणार.

तर एक दिवस ती वाटेने चालत आली आणि तिने मला ओढलं.

पट्टा चालतच राहिला. तिने पुन्हा ओढलं. मग ती माझ्यावरून हात फिरवत चालत गेली आणि तारेपाशी येऊन थांबली. तिने खोलीत फोन करून पट्टा बंद करायला लावला आणि अण्णांना खाली बोलावलं.

"हे कुणी बांधलं?" तिने विचारलं.

"मी. वाऱ्याने पण खटका पडतो, मॅडम. दर वेळी खाली उतरून परत कोण चढणार?"

"तिला ताण द्या, मग नाही पडणार. साहेब, ही अशी बांधलेली दोरी असण्यापेक्षा नसलेली बरी. निदान कुणी तिच्यावर भरवसा तरी ठेवणार नाही."

"इथे वाद घालेपर्यंत भट्टी उपाशी राहील."

"राहू दे."

मित्रांनो, त्या गॅलरीत एवढ्या वर्षांत असं कुणी म्हटलेलं नव्हतं. तिने पकडीने तार कापली, स्क्रू पिळून मला ताणलं आणि टोकाच्या डबीतला खटका पुन्हा पुन्हा पाडून तपासला. तोवर पट्टा तिने सुरू होऊ दिला नाही. त्या दिवशी चहाला रिवाजाप्रमाणे मोडकी खुर्ची तिच्या वाट्याला आली. ती शांतपणे बसली, शेवटचा कप घेतला आणि सावकाश प्यायली. चेष्टा करायची कुणाची छाती झाली नाही. संध्याकाळी मात्र अण्णा स्कूटर घेऊन एकटेच निघून गेले आणि ती बसने घरी गेली, असं दोन फिटर माझ्याशेजारी उभे राहून बोलत होते.

घरातला अबोला बरेच दिवस टिकला असावा, कारण स्कूटरवर अण्णा एकटेच येतात असं कानावर यायचं. त्यातच एका मदतनिसाचं जाकीट माझ्यात अडकून पट्टा थांबला. अण्णांना दुखऱ्या गुडघ्याने उतरून यावं लागलं आणि त्यांचं पित्त खवळलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. सदऱ्याच्या खिशातून तारेचं चकाकतं टोक डोकावत होतं. मला दोरीला दुसरं काय करता येणार? मी होता होईल तेवढी ताठ राहिले. म्हटलं, बांधा, पण बांधून घ्यायला मी मान वाकवणार नाही.

पण अण्णांची एक सवय होती. आधी झाडलोट, मग बाकीचं काम. पट्टा खालच्या टोकाला ज्या ड्रमवरून वळतो, त्याच्याखाली चुऱ्याचा ढीग साचला होता. ड्रमपुढची जाळी सफाईला आड येते म्हणून त्यांनीच काढून ठेवायला लावली होती. त्यांनी फावडं उचललं आणि पट्टा चालू असतानाच वाकून ते आत घातलं.

ड्रमने फावडं धरलं. हातमोजा दांड्यात पिळला गेला, अण्णा गुडघ्यावर आपटले आणि त्यांचा उजवा हात ड्रमकडे ओढला जाऊ लागला. ओरडायलाही वेळ नव्हता. त्यांनी डाव्या हाताने मला पकडलं आणि सगळं अंग टाकून ओढलं.

माझ्या अंगात पोलादाचा जेवढा म्हणून पीळ होता तेवढा मी त्या डबीवर घातला. खटका पडला. चढणीवर खडीने भरलेला पट्टा जागच्या जागी रुतला. बोटं आणि ड्रम यांच्यात वीतभरही जागा उरली नव्हती.

वर बसलेल्या माणसाने सवयीने बटण दाबलं. पट्टा हलला नाही. त्याने परत दाबलं. अण्णांचा हात अजून तिथेच अडकलेला होता, मित्रांनो, आणि मी खटका खाली धरून ठेवला होता. आधी चालत या, डोळ्यांनी बघा, मग बोला.

त्यांची सून धावतच खाली आली. "बाबा," ती म्हणाली. कारखान्यात तिने त्यांना अशी हाक कधीच मारली नव्हती. तिने आधी वीज तोडून, कुणी ती पुन्हा जोडू नये म्हणून, तिच्या पेटीला कुलूप लावायला सांगितलं, मग हातमोजा कापून हात मोकळा केला. कातडी सोलली होती, हाड धड होतं. अण्णा भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून तार काढून तिच्या हातात दिली.

"बांधायलाच आलो होतो," ते म्हणाले.

"आधी झाडायला घेतलंत, ते बरं केलंत," ती म्हणाली आणि मग तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून तिने रुमाल धरला. ती रडत होती.

पुढचं मी त्या धूर पाहिलेल्या फिटरच्या तोंडून ऐकलं. चहाच्या वेळी अण्णा हाताला पट्टी बांधून सरळ जाऊन मोडक्या खुर्चीवर बसले. त्यांच्यापुढे पहिला कप आला, तो त्यांनी परत केला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबले. मग कप उजव्या हातात धरून म्हणाले, "हसा की. हात जागेवर आहे म्हणून हसता येतंय."

कुणी हसलं नाही. त्या आठवड्यात अण्णांनी स्वतः खुर्चीला नवा पाय बसवला आणि वीट फेकून दिली. खुर्ची अजून आहे. दोरी ओढणारा अजूनही तिच्यावर बसतो, पण आता आपण काय पाहिलं ते सांगायला बसतो. चहा त्याला आधी मिळतो. सासरे-सून पुन्हा एका स्कूटरवरून यायला लागले, आणि खालच्या टोकाची जाळी त्यानंतर कुणी काढली नाही.

आता माझ्या जागी नवी दोरी आहे. तिची डबी दोरी कुठे ओढली तेही वरच्या खोलीत दाखवते. मला फाटकाजवळच्या दालनात एका दिव्याला जोडून टांगलंय, ओढलं की तो लागतो. तुमच्यासारखी मुलं सहलीला येतात आणि माझ्यासमोर उभी राहतात. बहुतेक जण आधी मागे वळून बाईंना विचारतात, ओढू का?

तिथेच माझं डोकं फिरतं. मित्रांनो, विचारायला वळू नका. यंत्रात माणूस अडकतोय असं वाटलं तर तुमच्या हाताशी जी दोरी असेल ती ओढा. नंतर काही झालंच नव्हतं असं निघालं तर निघू दे, लोक हसले तर हसू देत. आणि माझ्यासारखी एखादी कुठे बांधून ठेवलेली दिसली तर गप्प बसू नका, सोडवायला लावा. भट्टी उपाशी राहील, असं कुणीतरी म्हणेलच.

राहू दे.