न पडलेली पाकळी

"ह्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, लावा पैज!" ओटीवर टेकताच विठू गुरवांनी जाहीर केलं आणि नातसुनेपुढे हात केला. "दिशा, आधी खोबरेल आण गो. बोटं कोरडी पडलीत अगदी."

दिशाने बाटली दिली, पण तिचं सगळं लक्ष आजोबा काय सांगतात त्याकडे होतं. लेक वेदिका जेमतेम दहा महिन्यांची, वाकलं की सिझरचे टाके अजून ओढत, आणि त्यात पुन्हा दिवस गेलेले. तिला हे मूल नको होतं. सोमवारी रत्नागिरीच्या दवाखान्यात जायचं ठरलं होतं. तिची एकटीची सही पुरते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंही होतं. पण नवरा, दर्शन, अडून बसला. "पोर माझंही ना? मग माझा शब्द कुठे?" चार दिवस अबोला. शेवटी दर्शननेच काढलं, देवाला कौल लावू. मूर्तीवर पाण्याने चिकटवलेल्या दोन पाकळ्यांतली उजवी आधी पडली तर मूल ठेवायचं, डावी पडली तर नाही. कौल लावणारे देवळाचे गुरव म्हणजे आजोबाच, आणि घर कौलापुढे मान तुकवणारं. उजवी पडली तर दिशाला सगळ्यांच्या विरुद्ध एकटीनेच उंबरा ओलांडावा लागणार होता.

"उजवी की डावी?" जयगड बंदरावरून पाळी संपवून आलेल्या दर्शनने हेल्मेटही काढलं नव्हतं.

"एकही नाही! सहाला लावल्या, बारा वाजले. घंटा बडवली, पंखा लावला. एक वानर आलं, दोन्ही हातांनी ओढायला लागलं, तर तेच उताणं पडलं! पाकळी जागची हलेना. मग गाऱ्हाणं घातलं, बा महाराजा, बोल कायतरी. तर देव म्हणतो, 'विठ्या, कळा मला येणार काय? जिला येणार तिला विचार. मला कशाला मध्ये घालतोस?'"

दर्शन हेल्मेट काढून म्हणाला, "सोमवारी रजा टाकतो. गाडीवरून नको, खड्डे फार. रिक्षा सांगतो."

दिशाने भिंतीला पाठ टेकली. चार दिवस छातीतच अडलेला श्वास सुटला.

"आणि माझा शब्द?" त्याने हळूच विचारलं.

"ऐकला होता की. परत सांग हवं तर, रिक्षात. ऐकेन. ठरवलंय ते बदलणार नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यालाही हलकं वाटलेलं दिसलं.

आजोबा अजून बोटं चोळत होते. दोन तर एकमेकांपासून सुटतच नव्हती. दर्शनने हसू दाबत तेलाची बाटली त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाला,

"खोटं, आजोबा! सपशेल खोटं! पाकळ्यांना फणसाचा चीक लावलात तुम्ही!"