प्लास्टरच्या किल्ल्यातला माग

माझा भाऊ बास्सू एका सिनेमात मेला. म्हणजे मेलेल्याचं काम केलं. वाळूत पालथं पडून राहायचं, एवढंच. पडद्यावर त्याचा फक्त डावा पाय दिसतो, आणि त्या पायासाठी या गाढवाने आमच्या आईचा विणायचा माग सिनेमावाल्यांना देऊन टाकला. "जुनं लाकूडच हवं होतं गं ताई त्यांना," म्हणाला. अक्कल गहाण ठेवायची तर आधी ती असावी तरी लागते.

तेव्हा मी शिव्या घातल्या आणि गप्प बसले. पण आता बास्सूच्या मुलीचं, तूदाचं लग्न शुक्रवारवर आलं, आणि नुसत्या शिव्यांनी भागेना. कारण तूदा त्याच मागावर बांधलेली होती.

आमच्यात मुलगी वयात यायच्या आधी तिला मागावरच्या ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, पलीकडे काढतात. "मी भिंत, तो धागा," असं ती म्हणते, आणि मग कुठल्या पुरुषाची तिच्यापुढे मात्रा चालत नाही. लग्नाआधी त्याच मागातून, उलट बाजूने, उलटे शब्द म्हणत तिला सोडवायचं. दुसरा माग चालत नाही. सोडवलं नाही तर नवरासुद्धा परक्यातच जमा, आणि सासू चार दिवसांत पोरीला माहेरी आणून टाकते. अशी परत आलेली एक पोर मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून मला कुणी शहाणपण शिकवू नये. तूदाला बांधलं मी होतं, सोडवायचंही मलाच होतं. पोरीने धास्तीने अन्न सोडलं होतं.

"जुन्या बायकांच्या समजुती," बास्सू म्हणाला.

"मग जा, सांग तिच्या सासूला," मी म्हटलं. "नाहीच ऐकलं तर पाय दाखव तुझा."

मी लोकरीचा गुंडा आणि मागाची लोखंडी फणी पिशवीत टाकली, वर बार्लीची भाकरी ठेवली, आणि तूदाला घेऊन बसने निघाले.

सिनेमावाल्यांचा किल्ला वारझाझात शहराच्या बाहेर, उघड्या माळावर आहे. पुढून किल्ला, मागून फळ्या आणि खिळे. बोट लावलं तर प्लास्टरचा पोपडा हातात येतो. आमच्या गावात आजे-पणज्यांनी मातीत उभा केलेला खरा किल्ला आहे, तिकडे कुत्रं फिरकत नाही. इथे मात्र बसगाड्यांची रांग. दारात तिकीट मागितलं. आपल्याच आईच्या मागाला भेटायला तिकीट! पैसे मोजले आणि आत गेले.

माग तुरुंगात होता. त्याच्या दांड्यांना साखळ्या लटकावल्या होत्या आणि पुढे दोर बांधला होता. निळा फेटा, निळा झगा, डोळ्यांत सुरमा घातलेला एक वाटाड्या परदेशी पाहुण्यांना सांगत होता, "वाळवंटाचा राजा यावर कैद्यांना ताणून मारायचा." बायांनी तोंडावर हात ठेवले.

माझा ताबा सुटला. "मेल्या, यावर माझ्या आईने घोंगड्या विणल्या! ताणून मारायचं तर आधी तुझी जीभ ताणते."

तो दचकला आणि झटकन आमच्या बोलीत म्हणाला, "मावशी, हळू बोला की. पोटावर पाय देऊ नका."

फेटा वाळवंटाचा, बोली आमच्या दादेसच्या खोऱ्यातली. नाव हम्मू. म्हणजे आपलाच निघाला, आणि म्हणून माझा संताप दुप्पट झाला. मी काम सांगितलं. तो हसला.

"दोराच्या आत जायला मनाई आहे. पण माझ्या पाहुण्यांसमोर खेळ म्हणून करा, मी काही बोलणार नाही."

परक्या पुरुषांसमोर! मी तूदाचा हात धरून वळले, पण ती हलली नाही. शरमेने कानापर्यंत लाल झाली होती.

"आत्या, ताणा चढव."

मी साखळ्या काढून फेकल्या आणि लोकर ओढली. तूदा वळसा घालून मागे गेली आणि वाकून धाग्यांतून अलीकडे आली. "मी धागा, तो भिंत." झालं. पोर सुटली. टाळ्या पडल्या, जणू माकडाने कोलांटी मारली.

एका ढेरपोट्याचा फोटो हुकला होता. हम्मू म्हणाला, "पोरी, परत एकदा. आता इकडून तिकडे."

तूदा घाबरून मागे सरली. तिकडे गेली म्हणजे परत बांधली जाणार! मी फणी उचलली. "हात लावून बघ तिला."

पाहुण्यांत शोभा नको म्हणून हम्मूने झगा खोचला, दात काढले आणि स्वतःच धाग्यांतून पलीकडे गेला. फोटोसाठी मान वाकडी करून उभासुद्धा राहिला. मी फणी ठेवली आणि लोकर गुंडाळायला लागले. तेव्हा त्याला आपल्या आईने सांगितलेलं आठवलं असावं.

"मावशी," तो कुजबुजला, "पुरुषाचं तसं काही नसतं ना?"

"नसतं कसं? ताणा ओलांडलेल्याला बायको भाऊ म्हणते."

त्याचा सुरमा घामाने गालावर आला. "आत्ताच लग्न झालंय हो माझं!"

"जुन्या बायकांच्या समजुती रे. तू तर राजाचा माणूस."

मी ताण्याचा धागा तोडून त्याची परतीची वाट बंद करणार, तेवढ्यात तूदाने माझं मनगट धरलं. "आत्या, त्याच्या बायकोने काय केलंय?"

या पोरीपुढे माझं काही चालत नाही. मी हम्मूला म्हटलं, "आधी यांना खरं सांग."

त्याने सांगितलं, आणि नीट सांगितलं. हा माग आहे, यावर आमच्या आया विणतात, साखळ्या खोट्या आहेत. पाहुण्यांचे चेहरे पडले. एका बाईने विचारलं, "मग खरा तुरुंग कुठे आहे?" आणि सगळे पुढच्या दालनात निघून गेले. रिकाम्या खोलीत हम्मू रांगत परत आला, उलटे शब्द मोठ्याने म्हणत.

बसमध्ये तूदाने पिशवीतली भाकरी काढली आणि सगळी खाल्ली. मला तुकडाही ठेवला नाही.

बास्सू दारातच उभा होता. "मी पडलो होतो ती जागा दाखवतात का गं?"

"दाखवतात, बाबा," तूदा म्हणाली. "तिथे आता संडास आहे."