एका हाताने निघणारी सुरी

"मावशी, सुरी द्या की जरा. संत्रं कापायचंय, कुणाचा जीव नाही घ्यायचा."

"नखं आहेत ना तुला? सोल."

"बघा गं बाई! नवऱ्याला तरी एवढं जपलं होतं का?"

"त्याला कुठं धार होती?" मावशी म्हणाली, आणि धुलाईखान्याच्या मागच्या खोलीत डबे उघडून बसलेल्या सगळ्याजणी खो खो हसल्या. मावशीची सूनही हसली. मग सासूचा नवरा म्हणजे आपलेच सासरे, हे आठवून तिने तोंडावर हात धरला.

सुरी त्या नवऱ्यानेच करून दिली होती. तो सुतार. करवतीचं तुटकं पातं घासून घासून त्याने बोटभर पातं काढलं, त्याला लाकडाची मूठ बसवली, जुन्या बुटाचं चामडं शिवून म्यान केलं. ते म्यान मावशीच्या कमरेला, अॅप्रनच्या आत, उजव्या बाजूला असायचं. रोज. आजारपणातून उठून कामावर आली तरी आधी म्यान, मग अॅप्रन. त्या सुरीने तिने कधी फळ कापलं नाही, दोरा तोडला नाही. रविवारी दगडावर घासायची आणि चादरीच्या चिंधीवर एकदा ओढून बघायची. एवढंच.

घडीचा चाकू नवऱ्याने आधी आणला होता. तिने परत दिला. "हा उघडायला दोन हात लागतात," ती म्हणाली होती. "तेवढा वेळ शाफ्ट देत नाही."

धुलाईखान्यात हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या. दोन तापलेले रोलर, पुढे लांब टेबल. बायका ओली चादर दोन्ही टोकांना धरून रोलरमध्ये सरकवायच्या. टेबलाखाली, गुडघ्याच्या उंचीवर, रोलर फिरवणारा लोखंडी दांडा गरगरत असायचा. तो शाफ्ट. त्यावर जाळी नव्हती. जाळी काढून तेल घालायला वेळ जातो म्हणून ती पूर्वीच कुणीतरी काढून ठेवली आणि मग भंगारात विकली.

मावशी तरुण होती तेव्हा तिच्याबरोबर चादर धरणारी मैत्रीण होती. एक दिवस तिच्या स्कार्फचं टोक खाली शाफ्टात अडकलं. मशीनचं बटण समोरच्या भिंतीवर, मध्ये कपड्यांच्या गाड्या. कुणी बटणाकडे पळालं, कुणी स्कार्फ ओढू लागलं. मावशी शिलाईच्या टेबलाकडे धावली. कात्री सापडली. पण ती साखळीने टेबलाला बांधलेली होती. चोरीला जाऊ नये म्हणून.

मैत्रिणीच्या मयतासाठी मालकाने घरी चादरी पाठवल्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या. त्याच रोलरवरच्या.

त्या आठवड्यात मावशीने नवऱ्याकडे सुरी मागितली.

पुढे नवरा गेला. मग मुलगा गेला, साध्या तापाने. घरात दोघी बायका आणि एक लहानगी नात उरली, तेव्हा सूनही धुलाईखान्यात आली. मावशीने तिला आपल्याच टेबलावर घेतलं, हाताच्या अंतरावर. सुपरवायझर म्हणाला, "घरी डोकी फोडता तेवढी पुरत नाहीत का?" मावशीने सुनेच्या हातात चादरीचं टोक दिलं.

संत्र्यावरून हसल्या त्याच दुपारी ते घडलं. उकाड्याने जीव नकोसा झालेला. सुनेने स्कार्फ ओला करून मानेभोवती गुंडाळला होता. उशीचा एक अभ्रा खाली पडला. ती उचलायला वाकली आणि उठलीच नाही. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. तोंड उघडं, आवाज नाही.

मावशीने डाव्या हाताने तिचे केस धरले आणि उजव्या हाताने सुरी मानेच्या बाजूने घातली. स्कार्फ ताणून तारेसारखा झाला होता. एका ओढीत तुटला. पातं पुढे घसरून खांद्यात गेलं. शाफ्टने उरलेला स्कार्फ गिळला आणि तो फिरतच राहिला. कुणीतरी बटण बंद केलं तेव्हा सून जमिनीवर बसून खोकत होती, आणि मावशी तिचा खांदा दवाखान्याच्या चादरीने दाबून धरत होती.

"चादर कुणाची घेतली?" सुपरवायझरने विचारलं. खरोखर विचारलं.

टाके घालणाऱ्या डॉक्टरणीने वर कळवलं. सरकारी तपासनीस येणार असं कळल्यावर मॅनेजरने दोघींना केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाला. इतक्या वर्षांत मावशी त्या खुर्चीत पहिल्यांदा बसली.

"मशीननं ओढलं असं बोललात, तर हे बंद होणार," तो म्हणाला. "सगळ्या बायका घरी. आणि पुन्हा सुरू झालं तरी तुम्हा दोघींना मी ठेवेन का?"

"मग काय बोलायचं?"

"जखम सुरीची आहे. सुरी तुमची. तुम्ही सासू, ही सून." त्याने हात पसरले. "लोकांना आणखी काय लागतं?"

सून ताडकन उठली. "अहो, यांनी मला वाचवलंय!"

"बस खाली," मावशी म्हणाली. मग मॅनेजरला, "हिची नोकरी?"

"पक्की. दवाखान्याचा खर्चही देतो. तुम्हाला मात्र जावं लागेल. सुरी चालवलेली बाई कामावर कशी ठेवणार?"

"आणि जाळी?"

"कसली जाळी?"

"शाफ्टवरची. मी बोलते तुमच्या मनासारखं. पण जाळी बसवा."

"बसवू की. याच महिन्यात. शब्द देतो."

वाटेत सून सारखी एकच म्हणत होती. "मी असं बोलणार नाही, आई. माझी जीभ झडेल."

"तू नकोच बोलू. मी बोलते."

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हणू देत. पोरीच्या दुधाला लोक येणार आहेत का?"

तपासनीस पोरगेलासा होता. थंड पेय पिता पिता त्याने सुनेला विचारलं, "कसं लागलं हे?" दारात सगळ्या बायका उभ्या होत्या. संत्र्यासाठी सुरी मागणारी फरशीकडे बघत होती.

सुनेने मावशीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. "साहेब, तो शाफ्ट..."

"मी मारली," मावशी मोठ्याने म्हणाली. "उलट बोलली मला. हातात सुरी होती, मारली."

"सुनेला सुरी मारली?"

"हो."

"लाज नाही वाटली, आजी?"

मावशी म्हणाली, "आता वाटतेय."

त्याने कागदावर 'घरगुती भांडण' असं लिहिलं आणि शेडमधून एक चक्कर मारली. टेबलापुढे कपड्यांच्या गाड्या लावून ठेवल्या होत्या. त्याला वाकायला कुणी सांगितलं नाही, आणि वाकावं असं त्याला स्वतःला वाटलं नाही. सुरी मॅनेजरच्या खणात राहिली. मावशीने रिकामं म्यान सोडून तेही त्याच्या टेबलावर ठेवलं.

महिना संपला. जाळी बसली नाही, पाटी बसली. 'मशीनवर गळ्यात काहीही घालू नये.' आणि फाटकावर एक बाई नेमली, येणाऱ्या प्रत्येकीच्या कमरेला चाचपून बघायला. तिचा पगार जाळीपेक्षा महाग पडत असणार. पण जाळीला कुणाच्या कमरेला हात लावता येत नाही.

गल्लीत गोष्ट त्याआधीच पोचली होती. मुलगा गेला आणि म्हातारी सुनेच्या जिवावर उठली. मावशी दिसली की शेजारीण आपल्या पोराला आत ओढायची. दुकानदार सुटे पैसे हातावर न देता फळीवर ठेवायचा. सून एकदा नळावर भांडायला गेली. "खरं सांगू का तुम्हाला?" म्हणाली. मावशीने तिला दंडाला धरून घरात आणलं. "इथं बोललेलं तिथं पोचतं," एवढंच म्हणाली.

टाके निघाले. सुनेला कामावर बोलावणं आलं. खांदा मात्र अजून धड उचलत नव्हता, हात डोक्यापर्यंत जात नव्हता.

त्या सकाळी मावशीने तिला दाराच्या पायरीवर बसवलं. आत उजेड कमी होता. नात पलीकडे झोपली होती. मावशी मागे बसली, फणी घेतली, गुंता सोडवला, आणि वेणी घालायला लागली. घट्ट, आणखी घट्ट. वेणीचा अंबाडा केला, पिना खोचल्या, प्रत्येक पीन अंगठ्याने दाबून पाहिली. नळावरच्या बायका बादल्या भरून वाहू लागल्या तरी बघत राहिल्या.

"दुखतंय का?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"थोडंसं."

"असू दे. सैल नको."

मग तिने सुनेची कॉलर आत दुमडली. बोट मानेभोवती फिरवलं. खांद्यावरच्या जखमेपाशी ते हळू झालं. एक बाही तपासली, दुसरी तपासली. दुसऱ्या बाहीच्या काठाला एक दोरा लोंबत होता. मावशीने बाही तोंडाशी धरली आणि दोरा दातांनी तोडला.

"जा आता."

सून वळून न बघता गेली, बघितलं असतं तर गेली नसती. मावशी पायरीवरच बसून राहिली. शेजारणीने दार लावून घेतल्याचा आवाज आला. दोरा तिच्या ओठाला चिकटून होता, तो काढायचं तिच्या लक्षातच आलं नाही.